टाकाऊ लाकूड, बुरशी आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही चार ओळींची एक सूचना दिली होती: वखारीतला भुसा आणि छाटलेल्या फांद्या जाळू नका, बुरशीला द्या. त्यावर इंदूर, महू आणि देवासहून बरीच पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावे न छापता फक्त वस्ती दिली आहे.

प्रश्न : अंगणात आंब्याचा एक ओंडका आणि जुन्या छपरातली चिडाची फळी पडून आहे. ओंडका कुजून पांढरट, मऊ आणि दोऱ्यादोऱ्यांचा झाला आहे. फळी मात्र तपकिरी पडून चौकोनी तुकड्यांत तडकते, चिमटीत धरली की भुकटी होते. दोन्हीकडे बुरशीच, मग असा फरक का? (लोकमान्य नगर)

दोन्ही बुरश्यांचे खाणे वेगळे आहे. कोरड्या लाकडात साधारण ४० ते ५० टक्के सेल्युलोज, २० ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि तेवढेच लिग्निन असते. सेल्युलोजचे धागे पांढरे असतात. त्यांना जखडून ठेवणारे लिग्निन तपकिरी आणि पचायला फार चिवट असते.

तुमच्या आंब्यावर ‘पांढरी कूज’ लागली आहे. या गटातल्या बुरश्या लॅकेस, मँगनीज पेरॉक्सिडेज, लिग्निन पेरॉक्सिडेज अशी विकरे (एन्झाइम) बाहेर सोडून लिग्निन तोडतात. (यातले शेवटचे विकर १९८३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ओळखले, म्हणजे हे ज्ञान तसे ताजेच.) लिग्निन गेले की मागे पांढरे धागे उरतात. धिंगरी (ऑयस्टर) अळंबी याच गटातली, रेशी म्हणून औषधी बाजारात विकली जाणारी गॅनोडर्माही याच गटातली.

फळीवरची ‘तपकिरी कूज’ उलट्या वाटेने जाते. ही बुरशी लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेतून अतिशय लहान, तिखट रेणू तयार करते. विकरांना शिरता येत नाही अशा फटींतून ते आत जातात आणि सेल्युलोजचे धागे कापतात. लिग्निन थोडे बदलते, पण बरेचसे जागेवर राहते. धागेच तुटल्यामुळे लाकूड वाळताना आकसते आणि उभेआडवे तडकते. चीड, देवदार अशा सूचिपर्णी लाकडांवर ही कूज अधिक दिसते.

तिसरी ‘मऊ कूज’. कुंपणाचा खांब जमिनीलगत सतत ओला राहतो, तिथे वरचा थर काळपट आणि साबणासारखा मऊ होतो तो हिच्यामुळे.

पुढची बहुतेक उत्तरे दोन गोष्टींवर उभी आहेत. एक म्हणजे कूज कोणती, कारण उरलेल्या मालाचा उपयोग त्यावर ठरतो. दुसरी म्हणजे ओल. लाकडात २८-३० टक्क्यांच्या वर पाणी असेल तर बुरशी जोमाने वाढते, २० टक्क्यांच्या खाली ती काही करू शकत नाही.

प्रश्न : सांवेर रोडवर आमचे फर्निचरचे काम आहे. रोज तीन-चार पोती भुसा निघतो. त्यात सागवान, आंबा, निलगिरी, प्लाय, एमडीएफ सगळे मिसळलेले असते. यावर धिंगरी अळंबी घेता येईल का? भुसा किती, पाणी किती, ते नेमके सांगा. (सुदामानगर)

मिसळलेल्या भुशावर घेऊ नका. प्लायमध्ये युरिया-फॉर्माल्डिहाइड किंवा फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळ असते. एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या तक्त्यात, तर वजनाचा सुमारे दहावा हिस्सा राळच असते. वाळवी लागू नये म्हणून प्लायच्या सरसात कीटकनाशक मिसळण्याचीही पद्धत आहे. बुरशी अशा भुशावर वाढेलही, पण ती अळंबी ताटात येणार आहे. अळंबी ज्यावर वाढते त्यातले जड धातूही ओढून घेते, म्हणून रंगाचे, पॉलिशचे किंवा हिरवट झाक असलेले, तांबे-क्रोम-आर्सेनिकचे द्रावण पाजलेले लाकूड तर अजिबात नको. रेल्वेच्या जुन्या, डांबरी वास येणाऱ्या स्लीपरचेही तेच.

एकदा मिसळलेला भुसा नंतर वेगळा होत नाही, तेव्हा वर्गवारी मशीनपाशीच करा. घन लाकूड कापण्याचे दिवस आणि प्लाय-एमडीएफ कापण्याचे दिवस वेगळे ठेवता आले तर उत्तम. नाही तर प्रत्येक मशीनखाली वेगळ्या रंगाचे पोते बांधा. एमडीएफची भुकटी पिठासारखी बारीक आणि एकाच रंगाची असते, ती सापडली की ते पोते बाद समजा.

सागवानही वगळा. त्याच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात आणि वाळवी-बुरशीला ते दाद देत नाही ते त्यामुळेच. जो गुण दारासाठी आपण विकत घेतो तोच इथे आड येतो. निलगिरीच्या ताज्या भुशात तेल असते. तो महिनाभर उघड्यावर ढीग करून, अधूनमधून पाणी मारून मग घ्या. आंबा, सुबाभूळ, सेमल ही लाकडे सर्वांत चांगली.

आता प्रमाण. वाळका भुसा ६ किलो, सोयाबीनचे भुसकट (दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे) ३ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो, खडूची भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट १५० ग्रॅम. भुशात निम्मे तरी रंध्याचे छिलके असू द्या. नुसता पट्टी आरीचा बारीक भुसा पिशवीत घट्ट बसतो, हवा खेळत नाही आणि बुरशी मध्यावर येऊन थांबते. भुसकट आदल्या रात्री भिजवून निथळा, भिजण्यापूर्वीचे आणि नंतरचे वजन टिपून ठेवा. हा सगळा १० किलो माल उन्हात वाळलेला असला तरी त्यात दहाएक टक्के ओल असतेच. एकूण ओलावा ६० ते ६२ टक्क्यांवर आणायला १३ ते १४ लिटर पाणी पुरते आणि भुसकटाने रात्रीत पिऊन घेतलेले पाणी यातच धरायचे. मूठभर मिश्रण जोरात दाबा. बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त, गोळा फुटला तर कमी.

साधारण २४ किलो ओला माल होतो. त्यात दीड-दीड किलोच्या सोळा पिशव्या भरतात. पिशवी पॉलिप्रोपिलीनची घ्या, साधी पॉलिथिनची वाफेत वितळते. तोंडाशी पीव्हीसी पाइपचे इंचभर कडे अडकवून कापसाचा बोळा बसवा आणि बोळ्यावर कागद बांधा. बोळा भिजला की तिथूनच हिरवी बुरशी शिरते.

कोंडा घातला आहे म्हणजे नुसते गरम पाणी पुरणार नाही, निर्जंतुक करावेच लागेल. ऑटोक्लेव्ह (दाबाखाली वाफ देणारे भांडे) असेल तर १५ पौंड दाब, १२१ अंश, दीड ते दोन तास. नसेल तर २०० लिटरच्या पिंपात तळाशी सहा इंच पाणी, विटांवर जाळी, तिच्यावर पिशव्या, वर झाकण आणि ओले पोते. वाफ जोरात सुटल्यापासून ८ ते १० तास मोजा. झाकण कधीही घट्ट आवळू नका, वाफेला बाहेर पडायला वाट हवी. पाणी कमी पडले तर उकळतेच घाला, थंड घातले की वाफ बसते आणि तास वाया जातात.

माल ३० अंशांच्या खाली आल्यावरच बियाणे (स्पॉन, म्हणजे दाण्यांवर वाढवलेली बुरशी) घाला. प्रमाण ओल्या वजनाच्या ३ ते ५ टक्के, म्हणजे पिशवीला ५० ते ७५ ग्रॅम. पंखा बंद, दारे बंद, हात स्पिरिटने पुसलेले. बियाणे महिन्यापेक्षा जुने नको. बाटलीत हिरवा किंवा काळा ठिपका दिसला तर सगळी बाटली परत करा. कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, सोलनच्या अळंबी संशोधन संचालनालयाकडूनही बियाणे मिळते.

पिशव्या अंधाऱ्या खोलीत २२ ते २८ अंशांवर ठेवा. भुसकटावर धिंगरी १५-२० दिवसांत पसरते, भुशाच्या मिश्रणात २५ ते ३५ दिवस धरा. पिशवी पूर्ण पांढरी झाली की बाजूंना चार-पाच चिरा द्या, खोलीत ८० ते ९० टक्के आर्द्रता ठेवा, दिवसातून दोन-तीनदा हवा बदला आणि वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड येऊ द्या. तीन बहारांत मिळून पिशवीला ३०० ते ४५० ग्रॅम ताजी अळंबी निघावी.

इंदूरच्या हवेत ऑक्टोबर ते मार्च फ्लोरिडा जात, जुलै ते सप्टेंबर साजोर-काजू किंवा गुलाबी धिंगरी. एप्रिल-मेमध्ये कूलर लावून हट्टाने करण्यात खर्चच जास्त.

आमचे मत विचाराल तर, ज्यांच्या दारात सोयाबीनचे भुसकट पडून आहे त्यांनी भुशाच्या मागे लागू नये. नुसत्या भुसकटावर पीक लवकर येते, जास्त येते आणि मेहनत निम्मी. भुसा हा ज्यांच्याकडे रोज साचतो त्यांच्यासाठी.

प्रश्न : आम्ही भुशाच्या पिशव्या भरल्या. दहा दिवसांत निम्म्यांवर हिरवे डाग आले, दोनमधून आंबूस वास येतो. ज्या चांगल्या निघाल्या त्यांवर लांब देठाची, इवल्याशा टोपीची अळंबी आली. काय चुकले? (राऊ)

तीन वेगळे दोष आहेत. हिरवे डाग म्हणजे ट्रायकोडर्मा नावाची दुसरी बुरशी. पिंपातल्या कोपऱ्यातल्या किंवा तळाच्याच पिशव्या हिरव्या झाल्या असतील तर वाफ सगळीकडे पोहोचली नाही, पिशव्यांमध्ये दोन बोटे जागा सोडा. सगळीकडे सारखे डाग असतील तर कोंडा जास्त झाला किंवा बियाणे दूषित होते. डाग फक्त तोंडापाशी असेल तर बोळा भिजला. हिरवी पिशवी त्या खोलीत उघडू नका. पाण्यात बुडवून बाहेर न्या आणि पुरा, नाही तर बीजाणू पुढच्या खेपेलाही पुरतील.

आंबूस वास पाण्याचा. तळाशी पाणी साचले, हवा संपली आणि जिवाणूंनी ताबा घेतला. तळाच्या कोपऱ्याला सुईने एक-दोन भोके पाडून पाणी निथळू द्या. वास तरीही राहिला तर पिशवी खतात टाका.

लांब देठ आणि लहान टोपी म्हणजे खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो आहे. हा वायू जड असतो, तेव्हा वरची खिडकी उघडून भागत नाही, दाराच्या खालूनही हवा जायला हवी. उलट टोपीच्या कडा वाळून तडकत असतील तर हवा जास्त आणि ओल कमी. पाणी भिंतींवर आणि जमिनीवर मारा, कोवळ्या कळ्यांवर थेट नको.

आणखी एक, पत्रात नसले तरी. पिशवीच्या आतले तापमान खोलीपेक्षा २ ते ४ अंश जास्त असते. खोली ३३ अंशांवर गेली की आतली बुरशी मरू लागते आणि पिशवी पिवळट पाणी सोडते. पिशव्या एकावर एक रचू नका.

प्रश्न : सोसायटीत दर वर्षी जून-जुलैत गुलमोहर, करंज, कडुनिंब यांची छाटणी होते. श्रेडरमधून काढलेला चुरा खतात घातला तर वर्षभर तसाच राहतो. बाजारात कुजवणाऱ्या द्रावणाच्या बाटल्या मिळतात, त्यांनी काम होईल का? (राजेंद्रनगर)

बाटलीबद्दल आधी. गाझियाबादच्या राष्ट्रीय जैविक शेती केंद्राने काढलेली, २०० लिटर पाणी आणि दोन किलो गुळात वाढवायची बाटली प्रसिद्ध आहे. तिच्यात शेणातून वेगळे केलेले सूक्ष्मजीव आहेत. ओला कचरा, पालापाचोळा, भाजीची देठे यांवर ते चालतात. लाकडातल्या लिग्निनवर त्यांचा जोर नाही. त्याला पांढऱ्या कुजीची बुरशीच लागते.

तुमचा चुरा दोन कारणांनी अडतो. एक, लाकडात कार्बन फार आणि नायट्रोजन फार थोडा, भुशात हे प्रमाण दोनशे ते पाचशेला एक. दुसरे कारण लिग्निन. बहुतेक जण पहिले कारण ओळखतात आणि सुरुवातीलाच भरपूर शेण-युरिया ओततात. त्याने ढीग तापतो, ५५-६० अंशांवर जातो आणि लिग्निन तोडणारी बुरशी त्या उष्णतेत मरते. शिवाय यांतल्या बऱ्याच बुरश्या नायट्रोजनचा तुटवडा असतानाच लिग्निनकडे वळतात, तो मुबलक मिळाला की त्या विकरे सोडणे कमी करतात. म्हणून काम दोन टप्प्यांत करा.

पहिला टप्पा थंड ठेवायचा. तुकडे दोन ते पाच सेंटिमीटरचे, रात्रभर भिजवलेले. ढिगाची उंची दीड फुटाच्या वर नको म्हणजे तो तापणार नाही. दर १०० किलो चुऱ्याला अळंबीच्या वापरून झालेल्या पिशव्यांमधला १० किलो माल कुस्करून थराथरात घाला. अळंबी उत्पादक तो बहुधा आनंदाने देतात. वर ओली पोती. सहा ते आठ आठवडे नुसते पाणी मारा, उलथू नका, उलथले की तंतू तुटतात. नीट जमले तर तुकडे फिकट पडतात, अंगठ्याने दाबले जातात आणि रानातल्या मातीसारखा वास येतो.

दुसऱ्या टप्प्यात ढीग मीटरभर उंच करा आणि आता नायट्रोजन द्या. १०० किलो कोरड्या लाकडात सुमारे ५० किलो कार्बन असतो. तो चाळीसला एक या प्रमाणावर आणायला साधारण अडीच किलो युरिया लागतो. तो दहा दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत, पाण्यात विरघळवून द्या. एकदम दिला तर अमोनियाचा वास सुटेल, म्हणजे तुमचे पैसे हवेत. युरिया नको असेल तर ओले शेण, पण चार क्विंटलच्या आसपास, कारण शेण स्वतःचा कार्बनही घेऊन येते. आता दर पंधरवड्याला उलथा. लोखंडी सळई ढिगात खुपसून दहा मिनिटांनी काढा. हात ठेववत नाही इतकी तापली असेल तर ठीक चालले आहे. जुलैत सुरू केले तर डिसेंबर-जानेवारीत काळे, मोकळे खत मिळावे. न कुजलेले तुकडे चाळून पुढच्या ढिगात टाका, त्यांच्यावर विरजण तयारच असते.

नारळाच्या काथ्याच्या भुशासाठी कॉयर बोर्ड अशीच धिंगरीची बुरशी वापरते: एक टनाला बुरशीच्या पाच बाटल्या आणि युरिया फक्त पाच किलो. तिथेही नायट्रोजन हात राखूनच आहे.

इंदूरकरांना हे परके वाटू नये. १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी जी खतपद्धत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. कापसाच्या पऱ्हाट्या गाड्यांच्या चाकांखाली चुरडून मगच ढिगात घ्यायच्या, हा त्यांचा आग्रह होता. श्रेडर नसेल त्यांनी फांद्या रस्त्यावर पसरून ट्रॅक्टर फिरवला तरी चालते.

कच्चा चुरा कुंड्यांच्या मातीत मिसळू नका. तो मातीतला नायट्रोजन ओढून घेतो आणि रोप पिवळे पडते. झाडाच्या बुंध्याभोवती, खोडापासून चार बोटे सोडून, दोन-तीन इंचांचा थर वरून दिला तर काही अपाय नाही.

प्रश्न : जुन्या वाड्याचे कडीपाट उतरवतो आहोत. सागवानी तुळयांची भिंतीतली टोके कुजली आहेत, मधला भाग खणखणीत वाटतो. किती कापायचे? उरलेले वापरता येईल का? (रामबाग)

टोके कुजणारच. भिंतीत शिरलेल्या भागाला हवा नसते आणि पावसाळ्याची ओल तिथे महिनोन्‌महिने टिकते. टोच्या घेऊन दर चार इंचांवर टोचत जा. चांगल्या लाकडात तो अडतो आणि उचकटताना लांब कूस निघते. कुजलेल्यात सहज शिरतो आणि आखूड तुकडा मोडून येतो. जिथे आखूड तुकडा निघणे थांबले तिथून आणखी दोन फूट आत कापा. हे दोन फूट वाया गेलेसे वाटतात, पण तपकिरी कूज डोळ्यांना दिसण्याआधीच ताकद खाते. वजन पाच-दहा टक्केच घटलेले असते तेव्हा वाकण्याची ताकद निम्म्याहून कमी झालेली असू शकते. अशी तुळई पुन्हा भाराखाली घालू नका. तिच्या मधल्या भागाचे फळ्या, चौकटी, टेबल असे काम करून घ्या. कडेची फिकट रसकाठ काढून टाका, टिकाऊपणा फक्त गाभ्यात असतो, सागवान असले तरीही.

राहणाऱ्या तुळयांना बोरॉन द्या: बोरॅक्स ६०० ग्रॅम, बोरिक ॲसिड ४०० ग्रॅम, गरम पाणी १५ लिटर. ब्रशने तीन हात, प्रत्येक हात आधीचा सुकण्याआधी, टोकांना जास्त. हे पाण्याने धुपते, म्हणून घराच्या आतल्या लाकडालाच. खोबणीत टोकाभोवती बोटभर मोकळी जागा सोडा. छप्पर गळत असेल तर आधी ते. ओल थांबली नाही तर कोणतेही औषध फुकट.

काही पत्रांत ‘ड्राय रॉट’ची भीती व्यक्त झाली आहे. ती दोऱ्यांसारख्या तंतूंनी भिंती ओलांडणारी सर्पुला नावाची बुरशी थंड हवेतली आहे, २६ अंशांच्या वर तिची वाढ थांबते. तिचे रानटी रूप हिमालयात सापडते. माळव्याच्या उन्हाळ्यात तिची काळजी करू नये, इथले गुन्हेगार दुसरे.

तपकिरी भुकटीत लिग्निन जास्त असते आणि ती मातीत वर्षानुवर्षे टिकते, पाणी धरून ठेवते. कुंडीच्या मिश्रणात दहावा हिस्सा घालता येते. मात्र जुन्या तैलरंगात शिसे असायचे, तेव्हा रंगवलेल्या लाकडाची भुकटी बागेत नको.

प्रश्न : कुजू लागलेल्या आंब्याच्या फळीत काळ्या रेघांची सुंदर नक्षी निघाली. मुद्दाम अशी आणता येते का? (महू)

येते. दोन बुरश्या एकाच लाकडात समोरासमोर आल्या की आपापली हद्द काळ्या रंगाने बंद करतात. त्या भिंती कापल्यावर रेघा दिसतात. कातारी लोक अशा लाकडाचे वाडगे, पेट्या बनवतात.

नुकताच कापलेला आंब्याचा, वीतभर जाडीचा ओंडका घ्या. डब्यात ओला भुसा भरून त्यात निम्मा पुरा, वेगवेगळ्या ठिकाणच्या कुजक्या लाकडाचे तुकडे टोकांना लावा, झाकण सैल ठेवा. २५ ते ३० अंशांवर सहा ते दहा आठवडे. पाचव्या आठवड्यापासून दर आठवड्याला एका टोकाची चकती कापून बघा. नख रुतू लागले की उशीर झाला, तसे लाकूड लेथवर फाटते. मनाजोगी नक्षी दिसताच सावलीत वाळवून ओल २० टक्क्यांच्या खाली आणा, बुरशी तिथेच थांबते. कातताना चांगल्या प्रतीचा मास्क लावा, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : बुरशीपासून विटा आणि थर्मोकोलसारखे पॅकिंग बनते असे वाचले. घरी जमेल का? त्या विटांनी खोली बांधता येईल का? (देवास)

पॅकिंग जमेल, खोली नाही. अमेरिकेतली इकोव्हेटिव्ह कंपनी २००७ पासून हे करते आहे. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा हजार बुरशी-विटांचा एक मनोरा उभारला होता, पण तो एका उन्हाळ्यापुरताच आणि नंतर त्याचे खत केले. या विटेची दाब सहन करण्याची ताकद साध्या भाजक्या विटेच्या कित्येक पट कमी असते आणि ती पाणी पिते.

घरी करायचे तर वर दिलेल्या मिश्रणातून कोंडा कमी करून पिशवी भरा. पांढरी झाली की स्वच्छ हातांनी कुस्करा, वजनाच्या ३ टक्के मैदा मिसळा आणि स्पिरिटने पुसलेल्या साच्यात दाबून भरा. वर भोके पाडलेले प्लास्टिक. चार-पाच दिवसांत गोळा एकजीव होतो. साच्याबाहेर काढून एक-दोन दिवस ओलसर हवेत ठेवा म्हणजे वरून मखमली साल येते. मग ६० ते ७० अंशांवर वजन घटणे थांबेपर्यंत वाळवा. ही पायरी अर्धवट सोडली तर चार दिवसांनी तुमच्या पॅकिंगवर अळंबी उगवेल. कोपरे ढासळत असतील तर भरताना तिथे बोटाने नीट दाबले गेले नाही. खाण्यासाठी वापरायचे नसल्याने इथे सागवान सोडून कुठल्याही घन लाकडाचा भुसा चालेल.

प्रश्न : अळंबी घेऊन झालेल्या पिशव्या गाईला घालता येतात का? (सुदामानगर)

भुसा असलेल्या नकोत. नुसत्या भुसकटाच्या असतील तर बुरशीने लिग्निन सैल केल्यामुळे त्या थोड्या जास्त पचतात खऱ्या, पण निर्जंतुकीकरण कार्बेन्डाझिम-फॉर्मलिन या रसायनांत बुडवून केले असेल किंवा पिशवीवर एकही हिरवा-काळा डाग असेल तर त्याही नकोत. गांडूळखताला द्या, किंवा वर सांगितल्याप्रमाणे फांद्यांच्या ढिगात.

प्रश्न : पावसात ओंडक्यावर आपोआप उगवलेली छत्री धिंगरीसारखीच दिसते. खावी का? (लोकमान्य नगर)

नाही. चव बघण्यापुरतीही नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण काळी पडते, किडे खातात म्हणजे चालते, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. ओळखीच्या बियाण्यापासून स्वतः वाढवलेलीच खा. ओंडक्यावरची तशीच राहू द्या, पाऊस संपेपर्यंत ती लाकूड खात राहील.